नळीवाल्या काकू

कुणी घाईघाईनं बोलायला लागलं की काकू त्याच्या तोंडाकडं न बघता गळ्याच्या खाली बघायच्या. श्वास कुठून चाललाय ते त्या पाहत. मग समोरच्याला मध्येच थांबवून म्हणायच्या, "आधी सोड. मग घे. मग बोल." नवऱ्याशी भांडून आलेली शेजारीण असो की बारावीच्या पेपरला निघालेली मुलगी, काकूंचा पहिला सल्ला हाच असायचा. एकदा आमच्या गल्लीतला टँकरवाला अर्ध्या गल्लीलाच पाणी देऊन पाइप गुंडाळायला लागला, आणि विचारल्यावर तावातावानं कारणं सांगू लागला. काकूंनी त्यालाही श्वास सोडायला लावला, घ्यायला लावला. तेवढ्यात काय सांगत होतो तेच तो विसरला. त्यानं मुकाट्यानं पाइप परत सोडला.

बीड बायपासच्या पलीकडं, शहराच्या सातारा नावाच्या भागात, आमची कॉलनी तेव्हा नवी होती. चार घरं झाली की दहा प्लॉट मोकळे, त्यांत वेड्या बाभळी. महापालिकेचा नळ तिथवर पोचलेला नव्हता, बोअर उन्हाळ्याच्या आधीच मान टाकायचे. मी लग्न होऊन तिथं राहायला आले, तेव्हा काकूंचं घर आमच्या घराला लागूनच होतं आणि दोन्ही गच्च्यांच्या मध्ये कमरेएवढी भिंत. आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कपडे वाळत घालायला वर गेले, तर पलीकडं एक पन्नाशीच्या बाई बाजेवर बसून तांदूळ निवडत होत्या. नाकाडोळ्यांवर रबरी काठाचा मोठा चष्मा, आणि तोंडातून निघून कानाशेजारून वर गेलेली एक वाकडी नळी. मला वाटलं, बिचाऱ्यांना श्वासाचा काही आजार असावा. भिंतीपाशी जाऊन मी हळूच विचारलं, "काकू, काही हवंय का? कुणाला बोलावू?"

त्यांनी तोंडातली नळी काढली. "आजारी नाय गं. सराव करतेय."

"कशाचा?"

"मासे बघायचा," त्या म्हणाल्या आणि नळी परत तोंडात घालून तांदळातला खडा शोधायला लागल्या.

त्या दिवसापासून माझ्यासाठी त्या नळीवाल्या काकू झाल्या. माझ्या आधीच अख्ख्या कॉलनीनं हेच नाव ठेवलेलं होतं, हे मला नंतर कळलं. काकूंना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. कुणी नवा माणूस पत्ता विचारत आला, तर त्या स्वतःच सांगायच्या, "नळीवालीचं घर म्हणा, कुणीबी दाखवंल."

काकू मूळच्या पाचोडच्या. माहेरी मोसंबीची बाग आणि बागेत मोठी विहीर. आजोबांनी पाठीला वाळका भोपळा बांधून त्यांना विहिरीत ढकललं आणि भोपळा सुटायच्या आत पोरगी पोहायला शिकली, असं त्या सांगायच्या. पुढं लग्न होऊन शहरात आल्या आणि पोहणं संपलं. "विहिरीतनं निघाले ती थेट बादलीत आले," असं त्या आपल्या संसाराचं वर्णन करत. तक्रारीचा सूर त्यात नसायचा. बादलीही भरलेली मिळाली की त्या खूश असत.

काका चितेगावच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. उंच, सावकाश बोलणारे. ते पैठणचे, पण गोदावरीच्या पाण्यात त्यांनी कधी पाय बुडवला नाही. लहानपणी त्यांचा मोठा भाऊ त्यांच्या डोळ्यांसमोर नदीत गेला होता. ही गोष्ट काका कधी बोलत नसत; काकूंनीच मला एकदा सांगितली आणि वर बजावलं, "त्यांच्यापुढं काढायची नाय." आजोबांच्या विहिरीत वाढलेली बाई आणि नदीला पाठ करून बसणारा माणूस, असा तो संसार होता. पाण्याचा विषय दोघं एकमेकांसाठी टाळायचे. टाळणं अवघडही नव्हतं, कारण शहरात पाणीच नव्हतं.

मग मी येण्याआधीच्या एका हिवाळ्यात कारखान्याची सहल मालवणला गेली, घरच्यांसकट. पन्नाशी उलटलेल्या काकूंनी तेव्हा पहिल्यांदा समुद्र पाहिला. किल्ल्याच्या आडोशाला, जिथं खडकांमुळं लाटा आत येत नाहीत, तिथं होड्या थांबतात. तिथले तरुण पोरगे पर्यटकांना चष्मा-नळी लावून पाण्यावर पालथं तरंगायला लावतात आणि खालची प्रवाळं दाखवतात. होडीतल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या, उतरत कुणीच नव्हती. काकूंनी पर्स आणि चपला काकांच्या मांडीवर ठेवल्या, पंजाबी ड्रेसवर लाइफ जॅकेट चढवलं आणि उतरल्या. बाबल नावाचा मुलगा त्यांच्याबरोबर होता. तो म्हणाला, "काकी, भिया नकात. मी हंयसरच आसंय." काकूंनी पाण्यात तोंड घातलं आणि ते बाहेर काढायला तयार होईनात. बाबलनं खांद्यावर टिचकी मारली, परत मारली. शेवटी हात धरून होडीकडं आणावं लागलं. काका होडीच्या फळीला घट्ट धरून बसले होते आणि चपला त्यांच्या मांडीवर तशाच होत्या.

"वर आले तर ह्यांचा चेहरा पांढराफटक," काकू सांगायच्या. "मी म्हटलं, अहो, मी आहे. तर म्हणाले, ते दिसतंय, पण इतका वेळ काय करत होतीस? आता काय सांगू? म्हटलं, खाली पाचोडचा बाजार भरलाय. रंगीबेरंगी. आणि एवढ्या गर्दीत कुणी कुणाला धक्का मारत नाय."

येताना बाकीच्या बायकांनी काजू आणि कोकम घेतलं. काकूंनी चष्मा आणि नळी घेतली.

त्यानंतर दरवर्षी हिवाळ्यात त्या मालवणला जायला लागल्या. एकटीनं जायचं नाही, ही काकांची एकच अट होती. मग त्यांनी कॉलनीतल्या बायका जमवायला सुरुवात केली. नुसत्या जमवून भागणार नव्हतं, कारण आमच्यातल्या निम्म्यांना पोहता येत नव्हतं आणि उरलेल्यांना येतं असं नुसतं वाटत होतं. म्हणून गच्चीवर वर्ग सुरू झाला. बाजेच्या कडेला पालथं झोपायचं, डोकं बाहेर काढायचं, आणि खाली ठेवलेल्या प्लास्टिकच्या टबात चष्मा-नळी लावून तोंड बुडवायचं. टबाच्या तळाशी काकूंनी बांगड्यांचे तुकडे आणि रंगीत बटणं टाकलेली असत. "काय काय दिसतंय ते बघायचं. घाबरायला वेळच ठेवायचा नाय," असं त्यांचं शास्त्र. आम्ही एकेकजणी पालथ्या पडून टबातली बटणं बघायचो आणि नळीतून घोरल्यासारखे आवाज काढायचो. पलीकडच्या प्लॉटवर बांधकाम करणारे गवंडी काम थांबवून बघत राहायचे. वर्ग सुटला की टबातलं पाणी कुंड्यांना जायचं. एक थेंब वाया गेला तर काकूंच्या जिवाला लागायचं.

कॉलनीच्या सोसायटीचे अध्यक्ष एका सभेत सगळ्यांसमोर म्हणाले, "इथं प्यायला पाणी नाही आणि आमच्या भगिनी सहाशे किलोमीटर पाण्यात डुंबायला जातात." सगळे हसले. काकूही हसल्या. मग उठून म्हणाल्या, "समुद्राचं पाणी पिता येत असतं तर भाऊसाहेब, टँकर घेऊनच आले असते. ते पिता येत नाय म्हणून नुसतं बघून येतो." पुढच्या वर्षी अध्यक्षांच्या पत्नी आमच्या गाडीत होत्या.

मी पहिल्यांदा गेले ते तिसऱ्या वर्षी. टबात मी पक्की झाले होते, पण समुद्र टबासारखा नव्हता. पाण्यात उतरल्याबरोबर नळीत पाणी शिरलं, चष्म्यावर वाफ धरली आणि मी हातपाय मारत बाबलच्या गळ्यात पडले. मला होडीत परत जायचं होतं. काकू पोहत आल्या, त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि माझ्याकडं बघत नुसता श्वास सोडून दाखवला, लांबलचक. मी सोडला. मग त्यांनी माझा चष्मा काढला, आत थुंकून बोटानं पुसला, धुतला आणि परत लावला. मी तोंड वाकडं केलं. "माझी थुंकी हाय, विषारी नाय," त्या म्हणाल्या. "आता बघ."

मी बघितलं. खाली तपकिरी, जांभळट झुडपांसारखं काहीतरी वाढलेलं होतं, त्याच्या फटींतून नखाएवढे निळे मासे आत-बाहेर करत होते आणि एक पट्ट्यापट्ट्यांचा चपटा मासा अगदी माझ्या नाकाखालून, माझ्याकडं ढुंकूनही न बघता, सावकाश निघून गेला. मी घाबरले होते हे मला बऱ्याच वेळानं आठवलं. आनंदाच्या भरात मी पाय खाली सोडून त्या झुडपावर उभी राहायला गेले, तेवढ्यात काकूंनी पाठीमागून जॅकेटला धरून मला वर ओढलं. वर आल्यावर त्या पहिल्यांदाच माझ्यावर रागावल्या. "ते दगड नाय. जित्तं हाय. कुणाच्या घराच्या पत्र्यावर जाऊन उभी राहतेस का तू?"

त्याच सहलीत मी पाठीला हवेची टाकी लावून खाली जायचंही ठरवलं. होडीत बाबलनं खुणा शिकवल्या होत्या, पण माझं लक्ष नव्हतं. खाली गेल्यावर त्यानं हातानं विचारलं, ठीक आहे का? मी खुशीत अंगठा वर केला. त्यानं लगेच मला वर आणलं. "काय झाला?" "काही नाही, मस्त आहे." परत खाली. परत त्यानं विचारलं, परत मी अंगठा दाखवला, परत मी वर. शेवटी होडीतून काकूंनी ओरडून सांगितलं की पाण्याखाली अंगठा वर म्हणजे मला वर न्या, आणि ठीक असलं तर अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा. त्यानंतर कॉलनीत तो गोल फार चालला. टँकर येणार आहे का, असं गच्चीवरून विचारलं की काकू खालून गोल दाखवायच्या. नसेल येणार तर नुसता हात हलवायच्या.

मग ती दुष्काळाची वर्षं आली. दुष्काळ आम्हाला नवा नव्हता, पण तेव्हा जायकवाडी धरणाचा तळ दिसायला लागला आणि शहरातले पोहण्याचे तलाव बंद झाले. टँकर उशिरा यायचा आणि येईल तेव्हा गल्लीत भांडणं व्हायची. काकूंनी टबाचा वर्ग आपण होऊन बंद केला. नळी तोंडात धरून कोरडाच सराव करायचा, असं ठरलं. आम्हाला वाटलं या वर्षी सहलही बारगळणार. कुणी उघड म्हणत नव्हतं, पण अशा वर्षी मजा करायला जाणं आमच्याही मनाला बोचत होतं.

त्याच सुमारास काकू पाचोडला जाऊन आल्या. आजोबांची ती विहीर तळापर्यंत कोरडी पडली होती, आणि भावानं मोसंबीची झाडं तोडायला काढली होती. पंचवीस-तीस वर्षांची झाडं. "भाऊ बोलतो तरी," त्या मला म्हणाल्या. "वहिनी बोलतच नाय. तोडलेल्या झाडापाशी जाऊन बसते. जेव म्हटलं की जेवते, ऊठ म्हटलं की उठते."

दोन दिवसांनी त्यांनी जाहीर केलं की सहल होणार आणि वहिनी बरोबर येणार. काका पहिल्यांदाच विरोधात बोलले. "त्यांच्या घरात हे चाललंय आणि तू त्यांना समुद्र दाखवायला नेतेस? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणू द्या," काकू म्हणाल्या. "तिनं दोन वर्षांत वाळलेल्याशिवाय काय पाहिलंच नाय."

वहिनी आल्या. सुकलेल्या, नाकीडोळी रेखीव, डोक्यावरून पदर. सगळ्या प्रवासात त्या खिडकीतून बाहेर बघत बसल्या. घाट उतरून कोकणातली हिरवी झाडी लागली, तेव्हा त्यांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला. ते बघून काकूंचा चेहरा पडला. आपण चूक केली की काय, असं त्यांना वाटलं असावं. त्या रात्री काकू जेवल्या नाहीत.

सकाळी होडीत वहिनी साडीवरच लाइफ जॅकेट घालून बसल्या. उतर म्हटल्यावर शिडीवरून उतरल्या, जशा घरी सांगितल्यावर उठत असतील तशाच. त्यांना पोहता येत नव्हतं. एका बाजूनं बाबल आणि दुसऱ्या बाजूनं काकूंनी त्यांना धरलं आणि तोंड पाण्यात घालायला सांगितलं. त्यांनी घातलं. आम्ही होडीतून बघत होतो. साडीचा हिरवा पदर पाण्यावर पसरला होता आणि नळीचं टोक अजिबात हलत नव्हतं. मग एकदम वहिनींनी काकूंचा हात सोडला आणि त्याच हातानं खाली काहीतरी दाखवायला लागल्या. इकडं. मग तिकडं. मग परत इकडं.

वर आल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि कितीतरी दिवसांनी आपण होऊन बोलल्या. "वन्सं, इथं तर समदं भरलेलं हाय."

"व्हय."

"ह्यांना कुणी पाणी घालत नाय?"

"कोण घालंल? ते पाण्यातच ऱ्हातंय."

वहिनी हसल्या की रडल्या ते मला नीट कळलं नाही. तोंड सगळं ओलंच होतं. पण त्या म्हणाल्या, "अजून एकडाव बघू द्या." त्या दिवशी बाबलनं त्यांना इतक्या वेळा पाण्यात नेलं की आमची पाळीच आली नाही, आणि कुणी ती मागितलीही नाही. परतीच्या वाटेवर वहिनी सगळ्यांना माशांचे रंग सांगत होत्या. एक मासा अगदी मोसंबीच्या पिकल्या सालीसारखा होता, असं त्यांनी सांगितलं आणि मग बराच वेळ मोसंबीबद्दलच बोलत राहिल्या. काकू डोळे मिटून ऐकत होत्या. मला वाटलं झोपल्यात, पण झोपल्या नव्हत्या.

काकूंचं एक होतं, दुसऱ्याला नियम सांगायच्या आणि स्वतः मोडायच्या. सर्दी असताना खाली जायचं नाही, हे त्यांनी आम्हाला दहादा बजावलं होतं. नाक चोंदलेलं असलं की खाली गेल्यावर कानावरचा दाब निघत नाही. पण एका वर्षी सर्दी झालेली असताना त्या टाकी लावून उतरल्या. कानात कळ आली तरी वर आल्या नाहीत, कारण समोर कासव होतं. घरी आल्यावर कान वाहायला लागला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की पडद्याला भोक पडलंय आणि ते भरून येत नाहीये. यापुढं डोकं पाण्याखाली घालायचं नाही. आंघोळ करतानासुद्धा कानात बोळा.

काकूंनी ते हसत सांगितलं. "कासव चांगलं होतं पण," म्हणाल्या. नंतर मात्र त्यांच्या गच्चीवर कपडे वाळत घालण्यापुरतंच कुणी दिसायचं. आम्ही सहलीचं विचारलं की म्हणायच्या, "तुम्ही जा की. मी कशाला हवी आता?"

त्या एका लग्नासाठी पाचोडला गेल्या होत्या, तेव्हा एका रविवारी काका आमच्या दारात उभे राहिले. खांद्यावर टॉवेल. आत यायला संकोचत होते. "मला ते नळीचं शिकवाल का?" त्यांनी विचारलं. "तिला सांगू नका."

मी म्हटलं, "काका, पण तुम्हाला पाण्याची…"

"भीती आहे, ती आहेच. ती काही जायची नाही. पण तिला बाजूला बसवून काही करता येतं का, ते बघू."

गच्चीवरच्या त्याच बाजेवर काका पालथे झोपले. पहिल्या वेळी पाणी गालाला लागताच ते उठून बसले आणि टॉवेलमध्ये तोंड धरून राहिले. मी म्हटलं, राहू द्या. त्यांनी मान हलवली आणि परत झोपले. काकू परत यायच्या आत ते टबातली बटणं बघण्याइतके तयार झाले. काकू आल्यावर सराव चोरून चालू राहिला. एकदा काकांच्या कपाळावर चष्म्याच्या रबराचा वळ राहिला. काकूंनी काही विचारलं नाही. मला मात्र म्हणाल्या, "घरात माणसं दोन, आणि टबातलं पाणी रोज हिंदकळून कमी होतंय. मला कळत नाय व्हय? पण तू काय बोलू नको. करू दे त्यांना."

त्या हिवाळ्यात काकूंना आम्ही आग्रह करून नेलं, आणि काका आपण होऊन आले. होडी किल्ल्याच्या आडोशाला थांबली. काकू कानात बोळा घालून, रुमाल बांधून फळीवर बसल्या. काकांनी शर्ट काढला, घडी घालून त्यांच्या मांडीवर ठेवला, जॅकेट आणि चष्मा-नळी चढवली आणि शिडीला धरलं. बाबल नुसता पाण्यात उभा राहिल्यासारखा तरंगत हात पुढं करून थांबला. काका एकेक पायरी उतरले. पाणी छातीशी आल्यावर त्यांनी डोळे घट्ट मिटले. मग तोंड पाण्यात घातलं.

काकू फळीवरून उठून होडीच्या काठावर वाकल्या होत्या. मी त्यांना मागून धरून ठेवलं होतं.

काका वर आले, खोकले, शिडीला लटकले. काकूंनी विचारलं, "काय काय दिसलं?"

काका स्टोअरकीपर. त्यांनी दम घेऊन सांगायला सुरुवात केली. "निळे, बारीक, अंदाजे दोन मुठी. पिवळे, काळ्या पट्ट्यांचे, मध्यम आकार, जोडीनं. एक करडा, मोठा, एकटा, खडकाखाली."

"करड्याचं तोंड कसं होतं?"

"तोंड बघितलं नाही."

"मग काय बघितलं? तोंडच बघायचं असतं. जाड ओठाचा होता का चोचीचा?"

काकांनी चष्मा नीट केला. मग म्हणाले, "थांब. बघून येतो." आणि ज्या माणसानं आयुष्यभर नदीकडं पाठ केली, त्यानं पुन्हा तोंड पाण्यात घातलं. वर येऊन सांगितलं, जाड ओठाचा आहे, आणि खालचा ओठ वरच्यापेक्षा पुढं आहे, आपल्या अध्यक्षांसारखा. अध्यक्षांच्या पत्नी होडीतच होत्या. सगळ्यात आधी त्याच हसल्या. मग काकूंनी विचारलं, त्याचं शेपूट हलत होतं की स्थिर होतं? काका परत गेले. मग काकूंनी विचारलं, प्रवाळाच्या फटीत कोळंबीच्या मिशा दिसतात का? काका परत गेले. चौथ्या-पाचव्या वेळेपासून काकूंनी विचारायच्या आधीच ते जायला लागले.

त्यानंतर काका दरवर्षी उतरले. काकू काठावरून प्रश्न विचारायच्या.

काका निवृत्त झाले तोवर बायपासच्या अलीकडं-पलीकडं असा फरकच उरला नव्हता. मोकळ्या प्लॉटांवर अपार्टमेंटं उभी राहिली. काकूंच्या घराला तीन बाजूंनी सावली पडायला लागली, आणि मग घर एका बिल्डरनं घेतलं. काकू-काका पाचोडला राहायला गेले. भावानं बाग नव्यानं लावली होती आणि बागेसाठी मोठं शेततळं खणलं होतं, आत प्लास्टिकचा कागद अंथरलेला. काकूंना ते बघून आनंद झाला आणि धास्तीही वाटली. त्या कागदावरून पाय घसरला की माणसाला वर येता येत नाही. त्यांनी भावाकडून तळ्याच्या चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर बांधून घेतले, ट्रकच्या ट्यूब आणवल्या, आणि वस्तीवरच्या पोरींना पोहायला शिकवायला लागल्या. पाण्यात वहिनी असायच्या. होय, त्याच वहिनी. त्यांना काकूंनी आधी शिकवलं.

काकूंना जाऊन आता काही वर्षं झाली. शेवटपर्यंत हिंडत्याफिरत्या होत्या. दोन दिवस ताप आला आणि गेल्या. आमच्या बायकांची सहल अजून जाते. बाबलची आता स्वतःची होडी आहे, आणि काका आमच्यात सगळ्यांत आधी पाण्यात उतरतात.

मी काकूंना शेवटची भेटले ती पाचोडलाच, रविवारी, बाजाराच्या दिवशी. बाजारातून त्यांच्यासाठी काहीतरी घ्यावं म्हणून फिरले आणि भरलेली पिशवी घेऊन शेतावर गेले. शेततळ्याच्या बांधावर काकू कानाला रुमाल बांधून, हातात लांब बांबू धरून उभ्या होत्या. पाण्यात आठ-दहा पोरी. एक नवी पोरगी दोराला लटकून रडत होती आणि वहिनी कमरेला ट्यूब अडकवून तिच्याशेजारी थांबल्या होत्या.

आम्ही बांधावर बसून बोललो. मी विचारलं, "काकू, समुद्राची आठवण येत नाही का?"

"येती की. लई येती." त्यांनी बांबू मांडीवर आडवा ठेवला. "पण तिथं मी बघत होते, आणि मला दिसत होतं, एवढंच होतं ते. इथं ह्या पोरी तळ्यात पडल्या तरी वर येतील. मग ह्यांच्यातल्या एखादीला मासे बघायची हौस आली तर बघू पुढं."

मी निघते म्हणून उठले. शहराकडं जाणारी जीप बाजारातून सुटायची होती. काकूही उठल्या, माझा हात हातात घेतला, काहीतरी सांगणार होत्या. तेवढ्यात दोराला लटकलेल्या पोरीनं दोर सोडला. वहिनी तिच्याजवळच होत्या, तरी काकूंनी माझा हात सोडला आणि भराभर बांधावरून खाली उतरल्या. पोरगी हातपाय मारत होती, बुडत नव्हती. काकू पाण्याच्या काठाशी वाकून तिला काय करायचं ते सांगत होत्या, ती करत होती, आणि त्या आणखी सांगत होत्या. मी थोडा वेळ थांबले. त्यांनी मागं वळून बघितलं नाही. मी आणलेली पिशवी बांधावर त्यांच्या चपलांपाशी ठेवली आणि रस्त्याला लागले.